जुन्या मोटारीची वानगी

बेळगावच्या रविवार पेठेत ज्याची हयात गेली, अशा व्यापाऱ्यास पोत्याच्या तोंडाशी ओतलेला चांगला दाणा दाखवून फसविणे सोपे नाही. तो पोत्याच्या पोटात पोकळ सळई खुपसून मधला माल बाहेर काढतो, तळहातावर पसरून खडामाती निरखतो, दाणा दाताखाली फोडून ओल अजमावतो आणि मगच भाव बोलतो. शंभर पोत्यांच्या सौद्यात पाचदहा पोत्यांची वानगी काढण्यात त्यास संकोच वाटत नाही, आणि विकणाऱ्यासही त्यात आपला अपमान झाला असे वाटत नाही. व्यवहाराची ती रीतच आहे. परंतु हाच चोखंदळ व्यापारी आठदहा लाखांची तयारी करून जुनी मोठी मोटार घेण्यास निघाला म्हणजे ही सारी रीत दुकानात ठेवून जातो. रंगाची झिलई, कातडी आसनांचा डौल आणि दार लागतानाचा भारदस्त आवाज एवढ्यावर त्याचे समाधान होते, व तासाभरात विसार देऊन तो मोकळा होतो. हे योग्य नव्हे, आणि आपल्या सभासदांत अशा खरेदीचे प्रमाण वाढत असल्याने त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जुनी मोटार घेणे हा मुळातच वाईट व्यवहार आहे, असे आमचे म्हणणे नाही. उलट, कर्ज काढून नवी गाडी घेण्यापेक्षा तो पुष्कळदा शहाणपणाचा असतो. लांब, ऐसपैस, मागच्या आसनावर वडीलधाऱ्यांना सुखाने बसता येईल व मागे सामानासाठी स्वतंत्र जागा असेल, अशी सेडान जातीची गाडी कुटुंबास उपयोगी पडते. पुण्यास लग्नास जावे, श्रवणबेळगोळची यात्रा करावी किंवा मालाच्या वसुलीसाठी हुबळी-धारवाड गाठावे, तिच्यात प्रवासाचा शीण होत नाही. शिवाय अशा गाडीची किंमत पहिल्या पाचसहा वर्षांत जितकी उतरते तितकी पुढे उतरत नाही. म्हणजे घसाऱ्याचा मोठा वाटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. हिशेब इथवर बरोबर आहे. तो चुकतो तो पुढे.

खरेदीची किंमत गाडीच्या वयावर ठरते. पण तिच्या देखभालीचा खर्च ती नवी असताना कोणत्या पंक्तीत बसत होती यावर ठरतो. समजा, ३५ लाखांची गाडी ९ वर्षांनंतर ९ लाखांस मिळाली. तिचा पुढचा दिवा फुटला तर तो ९ लाखांच्या गाडीच्या भावाने मिळत नाही. ३५ लाखांच्या गाडीच्या भावानेच घ्यावा लागतो. टायर, ब्रेक, खालचे झटके सोसणारे भाग, सर्वांचे तेच. म्हणून नवी लहान गाडी व जुनी मोठी गाडी यांची केवळ किंमत समोरासमोर मांडून तुलना करणे व्यर्थ आहे. आमच्या मते खरेदीच्या रकमेचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवण्याची ज्याची तयारी नाही, त्याने या वाटेस जाऊ नये. नाकापेक्षा मोती जड झाला म्हणजे शोभा होत नाही, नाक मात्र दुखते.

दुसरी गोष्ट म्हणजे या वर्गातील पुष्कळ गाड्यांचे उत्पादन आपल्या देशात आता बंद झाले आहे. टोयोटाची कोरोला आल्टिस व होंडाची सिव्हिक या २०२० साली बाजारातून गेल्या, ह्युंडाईची एलान्ट्रा २०२२ साली गेली, आणि स्कोडाच्या ऑक्टाव्हियाचे येथील नेहमीचे उत्पादन २०२३ साली थांबले. लोकांची आवड उंच गाड्यांकडे वळली, हे त्याचे मुख्य कारण. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले बीएस-६ हे धुराचे नियम, हे दुसरे. गाडी बंद झाली म्हणजे तिचे सुटे भाग लगेच मिळेनासे होतात असे नाही. तेल, गाळण्या व ब्रेकचे भाग सहज मिळतात. अडचण येते ती दरवाजाचा पत्रा, दिवे व विजेची नियंत्रक पेटी यांसारख्या भागांची. तेव्हा गाडी पाहण्याआधी आपल्या गावात तिच्या कंपनीचे अधिकृत दुरुस्तिगृह आहे काय, नसल्यास ते हुबळीस आहे की कोल्हापुरास, आणि चारपाच मोठ्या भागांची आजची किंमत काय, एवढे विचारून घ्यावे. या चौकशीस एक पैही पडत नाही.

आता कागदपत्रांकडे वळू. आमचा आग्रह असा की कागद आधी आणि गाडी मागून पाहावी. कारण गाडी एकदा मनात भरली म्हणजे कागदांतील वैगुण्य डोळ्यांस दिसत नाही. नोंदणीपुस्तकावरील नाव विकणाऱ्याचेच आहे काय? तो कितवा मालक? चॅसिसचा सतरा अक्षरांकांचा क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी जुळतो काय? हा क्रमांक गाडीच्या पत्र्यावर कोरलेला असतो, तेथे वाकून स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. गाडीवर बँकेचा बोजा असल्यास कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र व नमुना ३५ हाती आल्याखेरीज पुढे जाऊ नये. सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून बोजा, विम्याची मुदत, थकलेले दंड व नोंदणीची अखेरची तारीख तपासता येते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने दोन वर्षांनी फेरतपासणी व फेरनोंदणी आहे, हे किंमत ठरवितानाच लक्षात घ्यावे.

आपल्यासारख्या सीमेवरील व्यापाऱ्यांना याहून एक निराळा मोह असतो. गोव्याची किंवा महाराष्ट्राची पाटी असलेली गाडी येथल्या गाडीपेक्षा स्वस्त दिसते. दिसते, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर तिची नोंदणी येथे करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणावे लागते व कर्नाटकाचा कर गाडीच्या वयाप्रमाणे नव्याने भरावा लागतो. आणि कर्नाटकाचा आजीव कर देशातील जड करांपैकी आहे. पहिल्या राज्याकडून उरलेल्या मुदतीचा कर परत मागता येतो, पण तो हेलपाटे घातल्यावाचून हाती येत नाही. हा सर्व बोजा किमतीत मिळवून पाहिला म्हणजे स्वस्ताई किती उरते ते कळते. ‘पाटी तशीच राहू द्या, कोण विचारतो?’ असे सांगणारा मध्यस्थ वाटेत गाडी अडविली गेली की फोन उचलीत नसतो. दिल्लीकडील गाड्यांचेही असेच. तेथे दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली बंदी घातली व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे या आदेशांत फेरफार झाले असले, तरी तेथील जुन्या मोठ्या गाड्या या भीतीने उतरत्या भावात दक्षिणेकडे येत राहिल्या. अशी गाडी वाईटच असेल असे नाही. परंतु ती स्वस्त का, याचे कारण गाडीत नसून कायद्यात आहे, एवढे ओळखून तिच्याकडे पाहावे.

गाडी पाहावयास सकाळच्या उजेडात जावे. सायंकाळी किंवा पावसात कधीही जाऊ नये. एका टोकाशी उभे राहून पत्र्यावरून तिरपी नजर टाकली म्हणजे ठोकून सरळ केलेला भाग लाटेसारखा दिसतो. शंका येईल तेथे साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून लावावे. खाली लुकण भरलेले असेल तर ते पत्र्यासारखे चिकटत नाही. दारांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत काय, पुढच्या झाकणाच्या बिजागऱ्यांच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत काय, सर्व काचांवरील छाप एकाच कारखान्याचा आहे काय, हे पाहावे. टायरच्या कडेस चार आकडे असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला असे समजावे. नक्षी शाबूत असली तरी सहासात वर्षांचे रबर भरवशाचे नसते.

आपल्या भागात पुराने भिजलेल्या गाड्यांकडे विशेष लक्ष पुरविणे अवश्य आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली, कोल्हापूर व आपल्या जिल्ह्याचा नदीकाठ बुडाला. २०२१ च्या जुलैत चिपळूण, महाड व पुन्हा कोल्हापूरचा भाग पाण्याखाली गेला. पाण्यात राहिलेल्या गाडीवर विमा कंपनी पूर्ण नुकसानीची रक्कम देते व गाडी मोडीत विकते. पण मोडीत विकलेली प्रत्येक गाडी मोडली जातेच असे नाही. ती धुऊनपुसून, सुवासिक फवारा मारून पुन्हा बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढावा; गाळाची रेघ शेवटच्या हातभर पट्ट्यावर राहिलेली आढळते. पायाखालचा गालिचा उचलावा, आसनांच्या खालचे रूळ हात घालून चाचपावे, मागे जादा चाकाच्या खळग्यात पाहावे. नव्या गाडीतही विजेच्या तारा व नियंत्रक पेट्या ठायीठायी असतात, आणि त्यांत शिरलेली ओल सहा महिन्यांनी, वर्षानेही गुण दाखविते. भिजलेल्या धान्याला वरून ऊन दाखविले म्हणून आतली बुरशी जात नाही, हे आम्ही धान्यवाल्यांनी कोणाकडून शिकावयास हवे असे नाही. समुद्रकाठच्या गाडीचा तळही असाच वाकून पाहावा. खारी हवा वरचा रंग सोडून खालचे लोखंड आधी खाते.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोचण्यापूर्वीच गाडी सुरू करून गरम करून ठेवली असेल, तर झाकणावर हात ठेवताच कळते. तसे असल्यास परत फिरावे व दुसऱ्या दिवशी न कळविता जावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. सकाळची वाफ विरल्यावरही पांढरा धूर चालूच राहिला तर थंडाव्याचे पाणी इंजिनात शिरत असावे. काळा धूर म्हणजे इंधनाचा व्यय. तेलाच्या झाकणाच्या आत साईसारखा पांढुरका थर दिसला तर सौदा तेथेच थांबविणे बरे. मग गाडी आधी बाजारातील गर्दीत हळूहळू चालवावी आणि नंतर चोर्ला घाटाच्या चढाला लावावी. स्वयंचलित गिअरचा खरा कस गर्दीतच लागतो. दुहेरी क्लचच्या जातीचा गिअर झिजला असेल तर सावकाश चालताना हिसके देतो, थरथरतो. व त्याची दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. घाटाच्या चढावर इंजिनाची उष्णता वाढते काय ते पाहावे. उतारावर ब्रेक दाबताना सुकाणूचक्र थरथरते काय, तेही पाहावे.

इंधनाचाही विचार करावा. ज्याचे घर व दुकान यांत दोन मैलांचे अंतर आहे, त्याने २०२० नंतरची डिझेल गाडी घेऊ नये. तिच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते व ती साफ होण्यास गाडी लांब, भरधाव चालावी लागते. रोजच्या लहानसहान फेऱ्यांत ती तुंबते. पेट्रोल गाडी घेणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्या मिश्रणास अनुरूप रबरी भाग बसविण्याचा नियम एप्रिल २०२३ पासूनचा आहे. त्यापूर्वीच्या गाडीच्या इंधननळ्या व रबरी वळी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्याव्या.

आता मैल मोजणाऱ्या आकड्याविषयी. हल्ली हा आकडा विजेवर चालतो व योग्य उपकरण असलेला मनुष्य तो काही मिनिटांत मागे फिरवू शकतो. ज्या पेठेत काटा खोटा ठेवणाऱ्याशी कोणी व्यवहार करीत नाही, तेथेही हा खोटा आकडा निमूटपणे पत्करला जातो, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. त्याची पारख कठीण नाही. ब्रेकच्या पट्टीवरील रबर, सुकाणूचक्राचे कातडे व चालकाच्या आसनाची दाराकडील कड यांची झीज खोटे बोलत नाही. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे ब्रेकचे रबर गुळगुळीत होत नाही. अधिकृत दुरुस्तिगृहात प्रत्येक खेपेस किलोमीटरची नोंद होते. मालकाच्या संमतीने ती यादी मागावी व आकडे क्रमाने चढत आले आहेत काय ते पाहावे. विकणारा संमती देत नसेल, तर त्याचे उत्तर मिळालेच असे धरावे.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की एवढी शंका अनोळखी माणसाकडून घेताना ठीक आहे. आम्ही तर आपल्याच मंडळींकडून, व्याह्याकडून किंवा पेठेतल्या शेजाऱ्याकडून गाडी घेतो. आमच्या मते खरा धोका येथेच आहे. अनोळख्याकडे आपण सावध असतो. आपल्या माणसापुढे गालिचा उचलण्यास हात धजत नाही. मग वर्षाने गिअर गेला म्हणजे तोंडाने काही बोलता येत नाही, मनातून जातही नाही, आणि दोन घरांचे जाणेयेणे कमी होते. भीड ही भिकेची बहीण, असे जुने लोक म्हणत; येथे ती वैराचीही बहीण ठरते. पुष्कळदा विकणाऱ्याच्या मनात कपट नसते. आपल्या गाडीचे दोष त्याला स्वतःलाही ठाऊक नसतात. म्हणून नात्यातील व्यवहारात तर त्रयस्थ कारागिराची तपासणी अधिकच हवी. तपासणारा ग्राहकाने स्वतः निवडावा, त्याची मजुरी ग्राहकाने द्यावी, व तो गाडीच्या दलालीत कोठेही भागीदार नसावा.

विकणाऱ्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आज घेणारा उद्या विकणारा असतो. गाडी दिली, पैसे घेतले, कागदावर नाव मात्र तसेच राहिले, असा प्रकार आपल्यात सर्रास चालतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला आहे की, गाडी हस्तांतरित झाली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस कायद्याने मालक म्हणून जबाबदार धरला जाईल. म्हणजे तीन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीखाली कोणी सापडला, तर नोटीस आपल्या दुकानी येऊ शकते. तेव्हा नमुना २९ व ३० वर सह्या करून नाव बदलून होईपर्यंत सौदा पुरा झाला असे कोणी समजू नये. घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करावा व विमा चौदा दिवसांत आपल्या नावे करून घेण्यास कळवावे. विम्यातील बिनदाव्याची सवलत गाडीची नसून मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही. तो फरक घेणाऱ्यास भरावा लागतो. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यामार्फत व्यवहार असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्याच्याजवळ परिवहन खात्याचे अधिकारपत्र असले पाहिजे. ते मागून पाहावे. गाडी पेढीच्या नावावर असून तिचा घसारा हिशेबात घेतला असेल, तर विक्रीची किंमत घसारा वजा जाता उरलेल्या किमतीहून जितकी अधिक येईल तेवढ्यावर वस्तू व सेवा कर लागतो, हे आपल्या हिशेबनिसास आधी विचारावे. आणि एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ सालापासून कायद्याची मनाई आहे. दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो, व तो घेणाऱ्यावर, म्हणजे गाडी विकणाऱ्यावर बसतो.

भावाविषयी एकच सूचना. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील पूर्वीचा कर व वरचा अधिभार जाऊन ४० टक्के असा एकच दर आला व नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा भाव त्यापूर्वीच्या किमती धरून कोणी सांगत असेल तर त्यास ही गोष्ट शांतपणे दाखवून द्यावी.

शेवटी आमची संघाच्या कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना आहे. सभासदांनी आपसांत मोटारींचा व्यवहार करताना वापरावयाचे एक पानाचे निवेदनपत्र संघाने छापून ठेवावे. गाडी कितव्या मालकाची, अपघात झाला होता काय, पाण्यात होती काय, विम्याचा दावा कधी केला, बोजा आहे काय, व कोणते दोष विकणाऱ्यास ठाऊक आहेत, एवढी सहा कलमे त्यात असावीत. विकणाऱ्याने ती आपल्या हाताने भरून सही करावी. घेणाऱ्याने तपासणी करून घेतल्याची सही खाली करावी. असा कागद छापील रीत म्हणून पुढे आला म्हणजे तो मागण्यात अविश्वास दिसणार नाही व देण्यात अपमान वाटणार नाही. धान्याच्या सौद्यात वानगी जी भीड मोडते, ती मोटारीच्या सौद्यात हा एक कागद मोडील, असा आम्हांस भरवसा वाटतो. मंडळाने येत्या वार्षिक सभेपुढे हा विषय ठेवावा.